फवारणीच्या वहीतला शेवटचा रकाना: द्विध्रुवीय विकार असलेल्या एका द्राक्ष बागायतदाराचे प्रकरण

हे प्रकरण कोणा एका माणसाचे नाही. एकाच घडणीच्या अनेक घरांत जे पुन्हा पुन्हा घडते ते एकत्र गुंफून ते लिहिले आहे, त्यामुळे यातल्या कुटुंबाला कोणी शोधू नये. द्विध्रुवीय विकारात मन कधी नैराश्यात बुडते, तर कधी उन्मादात, म्हणजे झोपेविना उसळत्या उत्साहात, जाते; या आजाराची चाल, औषधांची मात्रा आणि उपचारात झालेली चूक मात्र प्रत्यक्षात जशी दिसते तशीच ठेवली आहे.

निफाड तालुक्यातील चार एकर द्राक्षबागेचे मालक असलेले ३४ वर्षांचे हे गृहस्थ ऑक्टोबर छाटणीला चार आठवडे झालेले असताना, सकाळी दवाखाना उघडण्यापूर्वीच, पत्नी आणि धाकट्या भावासह दारात येऊन उभे राहिले. नऊ रात्रींत त्यांना एकदाही दोन-अडीच तासांहून अधिक झोप लागली नव्हती, पण चेहऱ्यावर थकव्याचा मागमूस नव्हता. काखेत फवारणीची वही होती. निर्यातीची द्राक्षे पिकवणारा बागायतदार जी वही जपून ठेवतो, ज्यात छाटणीनंतरचा कितवा दिवस, कोणते औषध, किती मात्रा हे ओळीने लिहिलेले असते, तीच ही वही. आरंभीच्या नोंदी नेटक्या होत्या. अठराव्या दिवसापासून अक्षर मोठे होत गेले होते, रकाने मोडले होते आणि पुढची चाळीसेक पाने द्राक्षांवरचा डाऊनी (केवडा) रोग कायमचा संपवणाऱ्या एका मिश्रणाच्या आकृत्यांनी भरली होती. त्या आकृत्या समजावून सांगताना ते पाऊण तास न थांबता बोलले. मध्येच भावाने शब्द टाकताच उसळून उठले, आणि दुसऱ्याच क्षणी त्याच भावाला मिठी मारून मिश्रणात निम्मी भागीदारी देऊन मोकळे झाले.

पत्नीने सांगितलेली हकीकत थोडक्यात अशी. गेल्या तीन आठवड्यांत ह्यांनी फवारणीच्या नव्या ब्लोअर यंत्रासाठी तीन लाखांची उचल दिली होती, शेजारची दोन एकर जमीन खंडाने घेण्याचा शब्द दिला होता, गावच्या सप्ताहाला ५१ हजारांची देणगी जाहीर केली होती आणि रात्री दोन वाजता व्यापाऱ्यांना फोन लावून उठवले होते. “आधी वाटलं, चला, उठले एकदाचे,” त्या म्हणाल्या. “मी तर देवापुढं पेढे ठेवले, डॉक्टर.”

या पेढ्यांमागे एक कथा आहे, आणि निदानाची किल्ली तिथेच सापडली. त्याआधीचे दोन-अडीच महिने हे गृहस्थ अंथरुणातून उठत नव्हते. जेवण निम्म्यावर आले होते, बागेकडे पाय वळत नव्हता, विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळायला मिनिटभर लागत असे. तालुक्याच्या गावी एका डॉक्टरांनी नैराश्य ओळखून एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचे औषध सुरू केले. समोर दिसणाऱ्या चित्रावरून ते निदान चुकीचे म्हणता येत नाही. पाच आठवड्यांनी रुग्ण उठला, हसू लागला, आणि तिथे न थांबता पुढेच जात राहिला. द्विध्रुवीय विकार असलेल्या माणसाला मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधाच्या आधाराविना नुसते नैराश्यावरचे औषध दिले तर काही रुग्णांत उन्मादाचा झटका येतो. म्हणूनच नैराश्य घेऊन आलेल्या प्रत्येकाला ‘कधी झोप कमी होऊनही अंगात जास्त जोर असल्यासारखे काही दिवस गेले होते का’ हा प्रश्न विचारावा लागतो, आणि तो रुग्णापेक्षा घरच्यांना विचारलेला बरा. कारण ते दिवस रुग्णाच्या आठवणीत आजाराचे म्हणून जमा झालेले नसतात, आयुष्यातले सर्वात चांगले दिवस म्हणून जमा झालेले असतात.

आईला तो प्रश्न विचारला तेव्हा मागचा सारा पट उलगडला. चोविसाव्या वर्षी वडील गेल्यानंतर मुलगा दोन महिने खोलीबाहेर आला नव्हता. तेव्हा घरात ‘बाहेरचं काहीतरी आहे’ असे ठरले, एका देवर्षीकडे तीन अमावास्या झाल्या आणि योगायोगाने त्याच सुमारास तो बरा झाला. एकोणतिसाव्या वर्षी एक अख्खा हंगाम तो पहाटे तीनला उठत होता, एकट्याने दोन माणसांचे काम करत होता, लग्नकार्यात सर्वांत जास्त नाचत होता. गावाने त्याला कष्टाळू म्हटले आणि सोसायटीच्या निवडणुकीला उभे केले. त्यानंतरचे चार महिने तो गप्प होता, त्याला ‘पराभव जिव्हारी लागला’ असे नाव मिळाले. दहा वर्षांत आजार चार वेळा येऊन गेला आणि प्रत्येक वेळी त्याला वेगळे नाव पडले. यात या घराचा विशेष दोष नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात द्विध्रुवीय विकार असलेल्या सुमारे ७० टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते, आणि जे उपचारापर्यंत येतात त्यांचीही योग्य निदानाआधी बरीच वर्षे गेलेली असतात.

निदानाचे निकष पाहिले तर संदेहाला जागा उरली नव्हती. उन्मादासाठी लक्षणे किमान एक आठवडा टिकावी लागतात किंवा रुग्णालयात दाखल करण्याइतकी तीव्र असावी लागतात. सौम्य उन्मादासाठी चार दिवस पुरतात, पण त्यात व्यवहार कोलमडलेला नसतो. एकोणतिसाव्या वर्षीचा हंगाम सौम्य उन्मादाच्या जवळचा वाटत होता, आताचा झटका पूर्ण उन्मादाचा होता. रुग्णाला स्वतःला आजार मान्य नव्हता. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम ८९ नुसार पत्नीने नामनिर्देशित प्रतिनिधी म्हणून अर्ज केला, दोघा तज्ज्ञांनी स्वतंत्र तपासणी केली आणि त्यांना दाखल करून घेण्यात आले. या तरतुदीखाली एका वेळी जास्तीत जास्त ३० दिवस ठेवता येते. ते सतरा दिवस राहिले. एस्सिटालोप्राम पहिल्याच दिवशी थांबवले, उन्माद आवरणारे ओलान्झापिन सुरू केले, आणि मूत्रपिंड, थायरॉईड व कॅल्शियम यांचे अहवाल पाहून मनःस्थिती स्थिर ठेवणारे लिथियम.

रात्रपाळीची लाईट

झोपमोड हे उन्मादाचे लक्षण आहे तसेच ते त्याचे कारणही होऊ शकते, आणि या प्रकरणात दोन्ही वाटा एकाच ठिकाणी मिळाल्या. शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री येते. रात्रपाळी असली की बागायतदार मोटार चालू करायला उठतो, तासाभराने ठिबकचा व्हॉल्व्ह बदलायला पुन्हा उठतो, आणि लाईट मध्येच गेली तर ती येण्याची वाट पाहत विहिरीवरच बसून राहतो. छाटणीनंतरच्या पहिल्या दीड महिन्यात त्यात भर पडते ती पावसाच्या धास्तीची, कारण दोडा अवस्थेत, म्हणजे फुलोऱ्याआधी घड कळीत असताना, डाऊनी शिरली तर घड हातचा जातो आणि पाऊस उघडल्याबरोबर, मग तो पहाटे तीनला का उघडेना, फवारणी काढावी लागते. तारखा लावून पाहिल्या तेव्हा एकोणतिसाव्या वर्षीचा हंगाम आणि हा झटका, दोन्ही याच दीड महिन्यात सुरू झालेले निघाले. या खेपेस नैराश्यावरच्या औषधाची जोड मिळाली एवढाच फरक.

शहरातल्या रुग्णाला ‘रात्री दहाला झोपा, सकाळी सहाला उठा’ असे सांगून सुटता येते. इथे तसे सांगणे म्हणजे बाग सोडा असे सांगण्यासारखे होते, आणि पहिल्या भेटीत आमच्याकडून ते सांगितले गेले हेही कबूल केले पाहिजे. भावाने शांतपणे विचारले, “मग पाणी कोण भरणार?” त्या प्रश्नातून पुढची सारी व्यवस्था निघाली. मोटारीला मोबाईल स्टार्टर बसवला, रात्रपाळीच्या आठवड्यात व्हॉल्व्ह बदलण्याचे काम भावाने घेतले, त्याच्या बदल्यात सकाळची फवारणी ह्यांनी घेतली, आणि छाटणीच्या तारखा दोन प्लॉटमध्ये विभागल्या, म्हणजे जोखमीचे दिवस एकदम अंगावर येत नाहीत. ठरलेल्या वेळी उठणे, जेवणे, माणसांत मिसळणे आणि झोपणे यांवर भर देणाऱ्या एका मान्य उपचारपद्धतीचे हे गावठी रूप होते असे म्हणता येईल. या रुग्णापुरते बोलायचे तर या बदलाला मी औषधाच्या खालोखाल स्थान देईन.

कर्ज आधी की आजार आधी

रुग्णालयातून घरी गेल्यावर साडेचार महिने नैराश्याचे होते. लोकांच्या मनात द्विध्रुवीय म्हटले की तळमळ, उधळपट्टी, मोठमोठ्या बाता असे चित्र असते. प्रत्यक्षात आयुष्याचा मोठा हिस्सा दुसऱ्या टोकाला जातो. अमेरिकेत १४६ रुग्णांचा सरासरी सुमारे तेरा वर्षे आठवड्यागणिक मागोवा घेणारा एक अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील रुग्णांचे सुमारे ४७ टक्के आठवडे कोणत्या ना कोणत्या लक्षणांत गेले होते, आणि त्यांत नैराश्याचे आठवडे उन्मादाच्या आठवड्यांच्या तिपटीहून अधिक होते.

या काळात उन्मादाची बिले यायला लागली. ब्लोअरची उचल बुडाली, खंडाच्या जमिनीचा वाद पंचांपुढे गेला, व्यापाऱ्याने भाव पाडून माल उचलला. सगळे मिळून अकरा लाखांच्या आसपास देणे झाले. गावात बोलले जाऊ लागले की माणूस कर्जाने खचला. महाराष्ट्रात शेतकऱ्याचे नैराश्य कर्जाच्या चौकटीतूनच पाहण्याची सवय आपल्याला लागली आहे. त्या सवयीला सबळ कारणे आहेत आणि ती नाकारण्याचा येथे हेतू नाही. पण या घरात क्रम उलटा होता. उन्मादाने कर्ज केले आणि त्यानंतरच्या नैराश्याला त्याच कर्जाने खाद्य पुरवले. क्रम कळल्याने देणे कमी होत नाही, पण उपचार कुठून सुरू करायचे ते ठरते. कर्जमाफी झाली की बरे वाटेल म्हणून थांबलेले आणखी एक वर्ष या माणसाला परवडणारे नव्हते, कारण तोवर मरणाचे विचार त्याच्या बोलण्यात येऊ लागले होते.

त्याबद्दल आम्ही उघड बोललो. तसे विचारल्याने विचार बळावतात ही समजूत खोटी आहे. आमच्या भागात फवारणीच्या विषालाही ‘औषध’च म्हणतात, त्यामुळे ‘घरातली औषधं कुठं ठेवता?’ या माझ्या प्रश्नाला पत्नीने क्षणभर गोंधळून पाहिले आणि मग तिच्या लक्षात आले. त्याच संध्याकाळी औषधांच्या खोलीची किल्ली चुलत्यांच्या घरी गेली आणि फवारणीच्या दिवशी लागेल तेवढेच भाऊ मोजून आणू लागला. गोळ्याही आठवड्याच्याच घरात राहू लागल्या. लिथियमच्या जोडीला क्वेटियापिन हे मनःस्थिती सावरणारे औषध सुरू झाले. नैराश्यावरचे औषध पुन्हा दिले नाही. एप्रिलच्या, म्हणजे वर्षातल्या दुसऱ्या, खरड छाटणीला ते स्वतः कात्री घेऊन बागेत उतरले.

बीपीच्या गोळ्या

पुढच्या वर्षीच्या खरड छाटणीत जे घडले ते या प्रकरणातले सर्वात शिकवणारे आहे, आणि त्यात आजारापेक्षा लपवाछपवीचा हात मोठा आहे. धाकट्या भावाचे लग्न जमायचे होते. सोयरिकीत घराण्याचे नाव जाऊ नये म्हणून रोज रात्रीच्या तीन गोळ्या ‘बीपीच्या’ आहेत असे सगळ्यांना सांगितले गेले होते, अगदी गावातल्या मेडिकलवाल्यालासुद्धा. खरी चिठ्ठी घेऊन ते गोळ्या तालुक्याहून आणत. छाटणीत कंबर धरली तेव्हा त्या मेडिकलवरून डायक्लोफेनॅकच्या गोळ्या घेतल्या आणि आठ दिवस, दिवसातून दोनदा, घेतल्या. ऊन चाळिशीवर होते. मधे एकादशी आली, तो दिवस नुसत्या चहावर निघाला.

लिथियम हे शरीराच्या दृष्टीने मिठाचे भावंड आहे. मूत्रपिंड सोडियम जसे हाताळते तसेच ते लिथियमलाही हाताळते. अंगातले मीठ-पाणी कमी पडले की ते सोडियम धरून ठेवते आणि त्याबरोबर लिथियमही. घाम, जुलाब, बिनमिठाचा उपवास, डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके, रक्तदाबावरची टेल्मिसार्टनसारखी औषधे आणि लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्या, यांपैकी कशानेही रक्तातले लिथियम वाढू शकते. १९४९ मध्ये ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावरील लिथियमचा परिणाम प्रसिद्ध केला, त्याच वर्षी अमेरिकेत मीठ वर्ज्य असलेल्या हृदयरुग्णांना मिठाऐवजी लिथियमचे क्षार वापरायला मिळत होते आणि त्यातून मृत्यू ओढवले. मीठ सोडलेल्या माणसाला लिथियम देणे किती घातक हे तेव्हाच दिसले होते.

दहाव्या दिवशी सकाळी हातांची थरथर इतकी वाढली की कपबशी वाजू लागली. मग उलट्या, जुलाब, चालताना झोक जाणे, जीभ जड होणे. घरच्यांनी ‘ऊन लागलं’ म्हणून कांदा फोडला, एक दिवस गावातच सलाईन झाले. दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आणले तेव्हा रक्तातील लिथियम १.९ मिलिमोल प्रति लिटर होते. देखभालीच्या काळात ते साधारण ०.६ ते ०.८ असावे लागते आणि १.५ च्या वर विषबाधेची भीती असते. लिथियम थांबवून सलाईनवर ठेवले, मूत्रपिंडाचे काम आठवड्याभरात पूर्ववत झाले, डायलिसिसची वेळ आली नाही. मेडिकलवाल्याला दोष द्यावा असे काहींना वाटले. पण बीपीच्या गोळ्या म्हणून सांगितल्यावर त्याने लिथियम मनात तरी कसे आणावे?

रुग्णाला ही गोष्ट समजायला आमच्या व्याख्यानाची गरज पडली नाही. घडाला जीए हे मणी लांबवणारे संजीवक देताना दहा-वीस पीपीएमचा (दहा लाख भागांत दहा-वीस भाग) हिशेब तो आयुष्यभर करत आला होता: कमी पडले तर मण्याला लांबी नाही, जास्त झाले तर नुकसान. “म्हणजे हे जीएसारखंच, मोजूनच द्यायचं,” तो म्हणाला. लिथियमची रक्तपातळी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी का तपासायची हेही त्याला माल तोडण्याआधीच्या प्रतीक्षा-दिवसांवरून लगेच कळले. डोस चुकला नव्हता, म्हणून तोच रात्रीचा ९०० मिलिग्रॅमचा डोस हळूहळू पुन्हा सुरू केला. आता त्याच्या खिशात प्लॅस्टिकमध्ये घातलेली चिठ्ठी असते: लिथियम चालू आहे, अंगदुखीला पॅरासिटामॉल, उलटी-जुलाब सुरू होताच गोळी थांबवून त्याच दिवशी फोन. त्याखाली दवाखान्याचा नंबर आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६. तशीच एक मेडिकलच्या काउंटरमागे चिकटवलेली आहे. भावाच्या सासरी खरे सांगितले तेव्हा मुलीच्या वडिलांनी आपल्याच चुलतभावाची हकीकत काढली, लग्न झाले. सगळीकडे असे होत नाही, हेही इथेच नोंदवतो.

सहामाही तपासण्यांत तिसऱ्या वर्षी टीएसएच, म्हणजे थायरॉईड मंदावल्यावर वाढणारा संप्रेरकाचा आकडा, वाढलेला निघाला. लिथियममुळे हे होऊ शकते. थायरॉक्सिनची एक गोळी वाढली, एवढेच.

हसायची चोरी

मनःस्थितीची नोंद ठेवण्यासाठी आम्ही दिलेला छापील तक्ता महिनाभर कोराच राहिला होता. नंतर पत्नीने फवारणीच्या वहीतच उजवीकडे तीन रकाने वाढवले: झोपेचे तास, गोळ्या, आणि उणे तीन ते अधिक तीन असा मनाचा आकडा. वही रोज उघडलीच जाते, म्हणून नोंद टिकली. नियमही ठरले. सलग दोन रात्री पाच तासांच्या आत झोप आणि तरी थकवा नाही, तर विचार न करता फोन. पंचवीस हजारांवरचा कोणताही सौदा दोन रात्री उलटल्यावर आणि भावाला सांगूनच. तिसऱ्या वर्षी काढणीच्या तोंडावर वहीत साडेसहा, साडेपाच, पावणेपाच, साडेचार असे आकडे उतरले आणि पाचव्या दिवशी फोन आला. दोन आठवडे रात्री थोडे ओलान्झापिन, व्यापाऱ्यांशी बोलणे भावाकडे. काढणी ठरल्या तारखेला झाली.

तरीही पुढच्या भेटीत ते चिडलेले होते. “मी हसलो की ही वहीकडं बघते,” ते म्हणाले. “घरात हसायचीसुद्धा चोरी झाली.” पत्नी खाली मान घालून बसून राहिली, आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. त्यांच्या तक्रारीत तथ्य होते. आजार ओळखायला शिकलेले घर हळूहळू माणसाच्या प्रत्येक उत्साहाकडे लक्षण म्हणून पाहू लागते, आणि गोळ्या सोडण्याची इच्छा बरेचदा दुष्परिणामांतून नव्हे तर या पाहण्यातून जन्मते. एकोणतिसाव्या वर्षीचा तो वेग आजही आठवतो, हेही त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितले. तो परत मिळावा म्हणून गोळ्या कमी करता येतील का, असा प्रश्न त्यांनी विचारला. ‘आत्ता नाही’ असे मी उत्तर दिले आणि ते त्यांना आवडले नाही.

त्या भेटीत दोन बदल झाले. मनाचा आकडा यापुढे ते स्वतः लिहितील, पत्नी फक्त झोपेचे तास लिहील. आणि शेवटी आणखी एक रकाना आला, ‘कारण’. गेल्या आठवड्यात त्यांनी वही पुढे सरकवली. छाटणीनंतरचा ६२ वा दिवस: झोप सात तास, गोळ्या तीन, मन अधिक एक. कारणाच्या रकान्यात लिहिले होते, ‘थॉमसनचे घड चांगले सुटले. मुलीने मोजायला मदत केली.’ हा अधिक एक लिहायला हवा होता का, असे त्यांनी विचारले. लिहिलेले राहू द्या, असे मी म्हटले, आणि पुढच्या रक्ततपासणीची तारीख त्याच पानाच्या समासात टाकून दिली.